आर्यभटाची ज्या-सारणी: 225 ने भागत गेलं तर शेवटी 3438 का येत नाही?

त्रिज्या_3438:

आर्यभटीयातल्या (इ.स. 499) गीतिकापादातले 24 ज्याखंड अक्षरं सोडवून काढले (आर्यभट अंक अक्षरांनी लिहितो). ज्या म्हणजे कोनाचा साइन गुणिले त्रिज्या 3438, आणि 3¾ अंशांच्या टप्प्यांवरच्या लागोपाठच्या दोन ज्यांमधला फरक म्हणजे ज्याखंड. क ते म म्हणजे 1 ते 25, य 30, र 40, ल 50, व 60, श 70, ष 80, स 90, ह 100, आणि इकार लागला की शंभरपट. त्यामुळे मखि = 25 + 200 = 225, हस्झ = 100 + 90 + 9 = 199, शेवटचा छ = 7. सगळी ओळ अशी:

225, 224, 222, 219, 215, 210, 205, 199, 191, 183, 174, 164, 154, 143, 131, 119, 106, 93, 79, 65, 51, 37, 22, 7

बेरीज 3438. इथवर ठीक.

मग गणितपादातला नियम स्प्रेडशीटमध्ये बसवला. पहिला खंड 225, आणि पुढचा खंड = आधीचा खंड वजा (आतापर्यंतची ज्या ÷ 225). सहाव्यापर्यंत आकडे तंतोतंत जुळतात. सातवा 205 हवा, येतो 204, आणि तिथून घसरण सुरू. प्रत्येक भागाकार जवळच्या पूर्णांकात घेत गेलं की चोविसावा खंड चक्क शून्य येतो आणि बेरीज 3368 वर थांबते. अपूर्णांक जसेच्या तसे ठेवले तर 3375.4. नियम चुकीचा वाचला जातोय, की सारणी या नियमाने केलेलीच नाही? आणि तसं असेल तर हे आकडे हाताने काढायचे कसे?

कोटिज्या:

वाचन बरोबर आहे, आकडेमोडही. गोची 225 या भाजकात आहे.

नियमाचा गाभा असा: लागोपाठच्या दोन खंडांमधली घट ही त्या ठिकाणच्या ज्येच्या प्रमाणात असते. हे अगदी काटेकोर खरं आहे, अंदाज नव्हे. प्रश्न फक्त प्रमाणांकाचा. 3¾ अंशांच्या टप्प्यासाठी तो 2 × (1 − 3¾ अंशांचा कोसाइन) = 0.004282, म्हणजे 1/233.53. आता 225 कुठून आला ते बघा. त्रिज्या 3438 धरली तर पहिला खंड 224.856 आणि दुसरा 223.893. त्यांच्यातला फरक 0.963. पण दोन्ही खंड पूर्णांकात 225 आणि 224 केले की फरक होतो बरोब्बर 1, आणि 0.963 ÷ 224.856 च्या जागी 1 ÷ 225 येऊन बसतं. चूक चारेक टक्क्यांची आहे, पण ती प्रत्येक पायरीवर एकाच दिशेने पडते. दर वेळी खंड गरजेपेक्षा थोडा जास्त कापला जातो.

तुमच्या 3375.4 चा हिशोबही यातून लागतो. 1/225 हा प्रमाणांक 3.75 नव्हे तर 3.82 अंशांच्या टप्प्याचा आहे. म्हणजे तुमची स्प्रेडशीट 3376.9 त्रिज्येच्या वर्तुळावर 3.82 अंशांची पावलं टाकतेय आणि चोविसाव्या पावलाला 90 ऐवजी 91.69 अंशांवर पोहोचतेय.

सातव्या खंडाची भानगड मात्र वेगळी, ती निव्वळ पूर्णांकनाची. खरे खंड आहेत 210.56 आणि 204.92. सारणीत पहिला खाली ओढून 210 केलाय, दुसरा वर नेऊन 205. त्यामुळे त्यांच्यातली घट 5 दिसते, खरी 5.63 आहे. सारणीतल्या घटी ओळीने लिहा: 1, 2, 3, 4, 5, 5, 6, 8, 8, 9, 10, 10… पाच-पाच-सहा आणि मग एकदम आठ. कुठल्याही गुळगुळीत नियमाने पायरीपायरीने चाललेला माणूस अशी उडी मारणार नाही. सारणी आधी दुसऱ्या रीतीने काढलेली आणि नियम हा तिच्या खंडांमध्ये दिसलेला संबंध, असं माझं मत या उडीमुळेच आहे. सूर्यसिद्धांतातही हाच 225 चा भाजक आणि हीच सारणी आहे. तिथेही नियमातून सारणी निघत नाही.

नियम चालवायचाच असेल तर सुरुवात आणि भाजक दोन्ही बदला: 224.856 आणि 233.53 घेतले की चोविसाव्याला 3438 येतात. नुसता भाजक 233.5 केला आणि पहिला आकडा 225 च ठेवला तर 3440 येतील, कारण पहिल्या आकड्यातली चूक त्याच पटीत शेवटपर्यंत जाते. केरळच्या नीळकंठ सोमयाजीने 1500 च्या सुमारास तंत्रसंग्रहात हीच दुरुस्ती केली: पहिली ज्या 224 कला 50 विकला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा), भाजक 233½.

शंकुछाया:

मग सारणी हाताने कशी काढायची, ते. नियमाच्या आधीच्याच श्लोकात आर्यभट सांगतो की परिधीच्या चतुर्थांशाचे त्रिकोण-चौकोन पाडून हव्या तितक्या ज्या काढाव्यात. पहिल्या भास्कराने 629 च्या भाष्यात ते उलगडून दाखवलंय. लागतात फक्त दोन क्रिया.

पूरक: 3438 च्या वर्गातून ज्येचा वर्ग वजा करून वर्गमूळ काढलं की 90 मधून तो कोन वजा केल्यावर जो उरतो त्याची ज्या मिळते.

अर्धा: कोनाची ज्या आणि उत्क्रमज्या (3438 वजा कोटिज्या, म्हणजे पूरक कोनाची ज्या), दोन्हींच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ, त्याचं निम्मं. ही झाली अर्ध्या कोनाची ज्या.

सुरुवात आठव्या ज्येपासून करा, कारण 30 अंशांची ज्या त्रिज्येच्या निम्मी, 1719, असते हे षटकोनामुळे आयतंच मिळतं. आठवीची निम्मी चौथी, मग दुसरी, मग पहिली. या चारांच्या पूरक 16, 20, 22, 23. विसावीची निम्मी 10, तिची निम्मी 5, आणि त्यांच्या पूरक 14, 19. चौदावीची निम्मी 7, पूरक 17. बाविसावीची निम्मी 11, पूरक 13. आता दुसरं टोक: चोविसावी त्रिज्याच. तिची निम्मी 12, मग 6, मग 3, पूरक 18 आणि 21. अठरावीची निम्मी 9, पूरक 15. झाल्या चोवीस.

एक टप्पा करून दाखवतो. 30 अंशांची उत्क्रमज्या 3438 − 2977 = 461. 1719² + 461² = 31,67,482. वर्गमूळ 1779.74, निम्मं 889.87, म्हणजे 890. हीच चौथी ज्या.

इथे एक सापळा आहे. अर्ध्या कोनाचं दुसरंही सूत्र मिळतं: त्रिज्या गुणिले उत्क्रमज्या, भागिले 2, आणि वर्गमूळ. बीजगणिताने दोन्ही एकच, आणि हे दिसायला सोपं, म्हणून लोक हेच वापरतात. पण पूर्णांकांत काम करत असाल तर छोट्या कोनांवर ते दगा देतं. 7½ अंशांची उत्क्रमज्या 29.41 आहे. ती 29 धरली तर या सूत्राने पहिली ज्या 223 येते. वर्गांच्या बेरजेच्या रीतीत तोच 29 वापरून 224.97, म्हणजे 225 मिळतात, कारण तिथे 449 चा वर्गच जवळपास सगळा भार उचलतो आणि 29 मधली चूक नगण्य ठरते. दुसरं सूत्रच हवं असेल तर निदान विकलांपर्यंत अपूर्णांक राखा.

त्रिज्या_3438:

दोघांचेही आभार, आता नीट कळलं. भूमितीच्या रीतीने, अपूर्णांक राखून, सगळ्या काढल्या. 24 पैकी 19 जुळल्या. या पाच जुळत नाहीत: सहावी (सारणीत 1315, मला 1315.67), सातवी (1520, मला 1520.59), सोळावी (2978, मला 2977.40), सतरावी (3084, मला 3083.45), अठरावी (3177, मला 3176.30). चूक माझ्याकडे आहे का?

शंकुछाया:

नाही, आधुनिक साइन घेऊन 3438 ने गुणलंत तरी हेच पाच वेगळे निघतील. सहा आणि अठरा एकमेकांच्या पूरक आहेत, सात आणि सतराही. खालच्या दोन कमी, वरच्या दोन जास्त. 1315 हा पूर्णांक धरून पूरक काढून बघा: 3176.57, म्हणजे 3177. 1520 धरून काढा: 3083.74, म्हणजे 3084. वरच्या दोन चुका खालच्या दोन ज्यांचे अपूर्णांक कापल्यामुळे आल्या, हे सरळ दिसतं.

सोळावी यात बसत नाही. 1719 मध्ये अपूर्णांकच नाही. शिवाय 2978 धरून 15 अंशांची ज्या काढली तर उत्क्रमज्या 460 होते. गुणाकाराच्या सूत्राने 889 येतात, सारणीत 890 आहेत. तसंच 1315 आणि 3177 धरून तिसरी ज्या काढली तर 670 येते, सारणीत 671. म्हणजे अर्धे करत खाली उतरताना सारणीकाराने अपूर्णांक जपलेत, पूर्णांक फक्त शेवटी लिहून ठेवताना केले.

भोग्यखंड:

एका कलेची चूक कुठे खुपते आणि कुठे नाही, हेही बघायला हवं. आर्यभटाच्या मापांत सूर्याचा मंदपरिधी 13½ अंश. मंदफल, म्हणजे सूर्य-चंद्राच्या मध्यम स्थानाला द्यायची दुरुस्ती, काढताना ज्येला मंदपरिधी भागिले 360 ने, इथे 13½ ÷ 360 ने गुणायचं, त्यामुळे ज्येतल्या एका कलेचे सव्वादोन विकला होतात. चंद्राचा परिधी 31½, म्हणून सव्वापाच विकला. चंद्राचं सर्वांत मोठं मंदफलच 301 कला, तिथे पाच विकलांचा फरक कोण धरणार? तिथीच्या गणितात 2977 घ्या की 2978, काही अडत नाही.

उलट्या दिशेने जाताना, म्हणजे ज्येवरून चाप (कोन) काढताना, जपा. शेवटचा खंड 7 आहे, म्हणजे 225 कलांच्या चापात ज्या फक्त 7 ने वाढते. तिथे ज्येत एक कला चुकली की चापात 32 कला चुकतात. कोन 75 अंशांच्या पुढे असेल तर ज्येवरून चाप काढूच नये, कोटिज्येवरून काढावा.

दुसरं म्हणजे, सारणीतल्या दोन आकड्यांच्या मधला कोन आला तर नुसतं त्रैराशिक करू नका. ब्रह्मगुप्ताने खंडखाद्यकात (665) त्रिज्या 150 घेऊन 15-15 अंशांचे सहाच खंड दिलेत: 39, 36, 31, 24, 15, 5. एवढ्या मोठ्या टप्प्यांवर काम भागावं म्हणून खंडच सुधारून घ्यायची रीत त्याने दिली. समजा 40 अंश हवेत. 30 पर्यंतची ज्या 75. गेलेला खंड 36, चालू खंड 31. त्यांची निम्मी बेरीज 33.5, निम्मा फरक 2.5. 15 पैकी 10 अंश पुढे आलोय, म्हणून 2.5 चे दोन तृतीयांश, 1.67, वजा करा. सुधारलेला खंड 31.83. त्याचे दोन तृतीयांश 21.22. ज्या 96.22. खरं उत्तर 96.42, नुसत्या त्रैराशिकाने 95.67. चूक पाऊण एककावरून एक पंचमांशावर आली. ज्येसाठी ही दुरुस्ती वजा होते, कारण खंड उतरते असतात. उत्क्रमज्येचे खंड चढते, तिथे मिळवायची. प्रोग्रॅम लिहिणारे हमखास इथे फसतात आणि चिन्ह उलटं पडलं तरी उत्तर साधारण बरोबर दिसत असल्यामुळे चूक लवकर सापडत नाही.

सारणीच नको असेल तर पहिल्या भास्कराचं महाभास्करीयातलं सूत्र आहे: कोन गुणिले (180 − कोन) याला ‘प’ म्हणा, साइन = 4प ÷ (40500 − प). 30 अंशांना बरोब्बर अर्धा, 40 अंशांना 0.6418 (खरा 0.6428). 3438 च्या त्रिज्येवर हा फरक तीन कलांच्या वर जातो, 10 अंशांच्या आसपास साडेपाच कलांपर्यंत. झटपट पडताळ्याला उत्तम, सारणीला पर्याय नाही.

कोटिज्या:

पडताळ्याचाच विषय निघालाय तर केरळचा गणिती संगमग्रामचा माधव, त्याचे ज्यांचे आकडे घ्या. नीळकंठाच्या आर्यभटीय भाष्यात ते कटपयादी अक्षरांत (क, ट, प, य या अक्षरांपासून अंक मोजायची पद्धत) आले आहेत, आणि ती पद्धत आर्यभटाच्या अक्षरांकांहून वेगळी, तेव्हा तुमचा तक्ता इथे चालणार नाही. पहिली ज्या ‘श्रेष्ठं नाम वरिष्ठानां’. जोडाक्षरातलं शेवटचं व्यंजन धरायचं आणि अंक उजवीकडून वाचायचे: नां 0, ष्ठा 2, रि 2, व 4, म्हणजे 224 कला. पुढे म 5, न 0, म्हणजे 50 विकला. मग ठं 2, श्रे 2, म्हणजे 22 प्रतिविकला (विकलेचे साठावे भाग). चोविसावी 3437 कला 44 विकला 48 प्रतिविकला. तुमच्या स्प्रेडशीटमध्ये त्रिज्या 3438 ऐवजी 21600 ÷ 2π ठेवा आणि उत्तराचे साठ-साठने भाग पाडा, हे दोन्ही आकडे प्रतिविकलेपर्यंत जुळायला हवेत. जुळले नाहीत तर आधी पाहा, साइनच्या फंक्शनला अंश रेडियनमध्ये बदलून दिलेत का.