स्लॅपस्टिकमधली बुद्धी

चित्रपटातील विनोदाच्या प्रकारांवरील चर्चेत असे मत मांडले गेले की शब्दनिष्ठ, म्हणजे संवादांतून होणाऱ्या विनोदाला बुद्धी लागते आणि स्लॅपस्टिक, म्हणजे पडणे-आपटणे अशा शारीरिक करामतींचा विनोद, ही नुसती पडापड असते. हे मत मला अजिबात पटत नाही. शिवाय चित्रपटातील विनोदाचा प्रकार कॅमेऱ्याचे अंतरही ठरवतो, हा मुद्दा चर्चेत आलेला नाही. अमेरिकी विनोदी अभिनेता बस्टर कीटनच्या ‘स्टीमबोट बिल, ज्युनिअर’ (१९२८) या मूकपटात वादळात घराची संपूर्ण दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते, पण वरच्या उघड्या खिडकीची पोकळी नेमकी त्याच्यावरून गेल्यामुळे तो उभा होता तसाच उभा राहतो. भिंत खरोखरच वजनदार होती आणि तो काही इंचांनी वाचला, म्हणजे त्यामागे काटेकोर मोजमाप होते. (धाडसापेक्षा मला हे मोजमाप अधिक थोर वाटते.) माणूस, भिंत आणि खिडकी एकाच दूरच्या चौकटीत दिसल्याशिवाय तिथे हसू येणारच नाही, मध्येच चेहऱ्याचे समीपदृश्य (क्लोज-अप) घातले असते, तर उरली असती ती केवळ भीती. याउलट संवादातल्या विनोदात ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा बदल टिपण्यासाठी कॅमेऱ्याला बहुधा जवळच जावे लागते.