व्हाळातली ही वनस्पती टाकीत लावावी का? मदत हवी आहे

नमस्कार. कुडाळजवळ आमच्या भातशेतीच्या कडेने वाहणाऱ्या व्हाळात (ओढ्यात) उगवणाऱ्या एका वनस्पतीची ओळख पटवण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे, कारण ओळख निश्चित झाल्याशिवाय ती माझ्या ६० लिटरच्या गोड्या पाण्याच्या माशांच्या टाकीत लावणे मला योग्य वाटत नाही.

पाने अरुंद, सुमारे २० सेंटिमीटर लांब आणि किंचित लहरी कडांची असून ती चिखलातल्या आडव्या खोडातून झुपक्याने निघतात. पावसाळ्यात ती पाण्याखाली असतात आणि पाणी ओसरले की ओल्या मातीत उघडी पडतात. फुलोऱ्याचे आवरण नळीसारखे, जांभळट आणि टोकाला पिळलेले आहे; ते फार देखणे दिसते. यावरून ही क्रिप्टोकोरायनी स्पायरॅलिस असावी असा माझा अंदाज आहे. मात्र सह्याद्रीत आढळणारी लॅजेनॅण्ड्रा ही दुसरी पाणवनस्पतीही अशीच दिसते. लॅजेनॅण्ड्राच्या कोवळ्या पानाच्या दोन्ही कडा आत वळलेल्या असतात, तर क्रिप्टोकोरायनीत एक कड दुसरीभोवती गुंडाळलेली असते. पण मी व्हाळातून आणलेल्या दोन्ही रोपांना अजून नवे पान फुटलेले नाही, त्यामुळे ही खूण तपासता आलेली नाही.

केवळ फुलोऱ्यावरून ओळख पक्की करता येईल का? ही अळूच्या कुळातली असल्यामुळे पाने कुरतडणाऱ्या माशांना त्रास होईल का? तसेच टाकीत लावल्यावर जुनी पाने विरघळली, तर खोड तसेच ठेवून नव्या पानांची वाट पाहावी का? सध्या रोपे वेगळ्या बादलीत ठेवली आहेत.