मदत हवी आहे: शिसं असलेल्या सातवाहन नाण्यांत आर्सेनिक कसं मोजायचं?

पोटीन (तांबं, कथील आणि शिसं यांचा मिश्रधातू) नाण्यांवर हातातलं एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र; ४० केव्ही, ६० सेकंद) आर्सेनिक दाखवतंय, पण आकड्यांवर भरवसा बसत नाही. आर्सेनिकची के-आल्फा रेषा (मूलद्रव्याची क्ष-किरणांतली ठराविक ऊर्जेची खूण) १०.५४ केईव्हीला, शिशाची एल-आल्फा १०.५५ ला, डिटेक्टरला दोन्ही एकच. आर्सेनिकचीच दुसरी, ११.७३ ची के-बीटा रेषा धरावी, तर ती मुळातच दुबळी. त्यात शिसं तांब्यात विरघळत नाही, बारीक गोळ्यांसारखं सुटं राहतं, म्हणून एकाच नाण्याच्या दोन बाजूंची रीडिंग जुळत नाहीत. वरचा गंजाचा थर खरवडायची परवानगी नाही (नसावीच!).

शिसं साधारण किती टक्क्यांच्या खाली असेल तर के-बीटा धरता येते? शिसेयुक्त काशाचे प्रमाणित नमुने कॅलिब्रेशनला कोणी वापरलेत? कडेच्या झिजलेल्या, उघड्या धातूवर मोजलेलं कितपत ग्राह्य धरावं?