सहा-सात वर्षांच्या पोराला निवडणूक कशी समजवायची?

तापीकाठ (रावेर): गावात पॅनल उभी राहिली की पोरं विचारतात, "ते आपले दुश्मन आहेत का?" भाषण देऊ नका, घरीच मतदान घ्या. रविवारी भरीत की शेवभाजी? दोन्हींची चित्रं काढा, डब्याच्या झाकणाला फट पाडा, माणशी एक चिठ्ठी. पडद्याआड जाऊन एकेकानं खूण करायची, डाव्या तर्जनीला शाई लावायची. मोजणी पोरानंच सगळ्यांसमोर मोठ्यानं करायची. बरोबरी झाली तर चिठ्ठी काढा. खऱ्या निवडणुकीतही तेच करतात. हरलेल्यांनी त्याच पंगतीत जेवायचं.

कपाशी (अमळनेर): मला हे पटत नाही. भाजी ही आवड झाली, निवडणूक जबाबदारी कोणाकडे द्यायची याची असते. या खेळातून पोर एवढंच शिकतं की जास्त जण म्हणतील ते खायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. त्यापेक्षा विचारा, आठ दिवस कॅरम कोण सांभाळणार? दोन उमेदवार, दोघांनी दोन-दोन वाक्यांत सांगायचं काय करणार ते. निवडून आलेल्यानं हरलेल्यालाही खेळू द्यायचं, हा नियम मतदानाच्या आधी ठरवा. आणि आठ दिवसांनी पुन्हा मतदान! हेच लोक विसरतात. एकदाच घेतलं तर जिंकलेला कायमचा राजा, असं डोक्यात बसतं. आमदाराची मुदत पाच वर्षांचीच का, हे या आठ दिवसांवरून कळतं.

तापीकाठ: पुन्हा मतदान हवंच, ते माझ्याकडून राहिलं. पण कॅरममध्ये पोर स्वतः हरतं आणि "मी कोणाला आवडत नाही" असं मनाला लावून घेतं. सहाव्या वर्षी भाजी हरलेली बरी. तुमचा खेळ नऊ-दहाव्या वर्षी घ्या.

सातपुडा (शहादा): खेळ कोणताही घ्या, "दुश्मन का?" हा प्रश्न तसाच राहिला. ग्रामपंचायतीला पक्षाची चिन्हं नसतात, लढत पॅनलची, पुष्कळदा भाऊबंदांतच. म्हणून एका कामाचं नाव घेऊन सांगा: "काकांना वाटतं आधी गटार व्हावी, आपल्याला वाटतं आधी पाण्याची टाकी." 'विकास' हा शब्द पोराला कळत नाही. आणि त्याच आठवड्यात त्याला काकांकडे घेऊन जा. मोठ्यांचं बोलणं बंद असेल तर समजावलेलं सगळं वाया. 'गद्दार', 'चोर' हे शब्द ओट्यावर ऐकून दुसऱ्या दिवशी वर्गात निघतात, भांडण तिथून पेटतं.

कपाशी: भांडण निव्वळ गटार-टाकीचं असतं, हेही खरं नाही भो. पाकिटं वाटली जातात, पोरं बघतात. आपण गप्प राहिलो तर हीच रीत असं त्यांना वाटतं. सरळ सांगा, मतासाठी पैसे देणं आणि घेणं, दोन्ही गुन्हा आहे.

सातपुडा: सांगा, पण नाव घेऊन नको. पोर ते त्या माणसाच्या नातवालाच जाऊन सांगेल.

जंक्शन (भुसावळ): लोकसभा-विधानसभेला पोराला केंद्रावर नेणार असाल तर नियमात फक्त कडेवरच्या लेकराला आत सोडतात. सात वर्षांचं पोर दारात अडवलं की रडतं, घरूनच सांगून ठेवा. यंत्रही घरीच समजवा: निळं बटण, लाल दिवा, बीप, आणि काचेमागे सात सेकंद दिसणारी चिठ्ठी. मग "कोणाला दिलं?" विचारलं तर सांगून टाका, घरात कसली चोरी?

तापीकाठ: इथं मात्र कडक विरोध. पडदा लावायला शिकवायचं आणि आपणच उघडायचा? "मत गुप्त असतं, आजीलाही मी विचारत नाही," एवढं सांगा. पोराला ते लगेच पटतं, कारण घरच्या मतदानात त्याचीही चिठ्ठी कोणी पाहिलेली नसते.