मदत हवी आहे: सरप्लसच्या दुकानातली कोच पर्स खरी की फर्स्ट कॉपी? उद्यापर्यंत उत्तर हवं

निळाई (रात्री ८:५०)
पुण्याच्या कॅम्पातल्या एका सरप्लसच्या (ब्रँडचा उरलेला माल विकणाऱ्या) दुकानातून कोच या ब्रँडची पर्स घेतली आहे. दुकानदार ओरिजिनल म्हणतो, घरचे फर्स्ट कॉपी, म्हणजे हुबेहूब नक्कल, म्हणतात. आत नंबर आहे, मेड इन व्हिएतनाम लिहिलंय, चामड्याचा वास येतो. कसं ओळखायचं? उद्या संध्याकाळपर्यंत ठरवायचं आहे, लवकर सांगा. "ब्रँडच्या दुकानातूनच घ्यायला हवी होती" हे कृपया नको, ते मला कळलंय.

कोथरूडकर (८:५८)
किंमत किती? बिल आहे का? पर्स अख्खी चामड्याची आहे की सी-सीच्या (कोचच्या इंग्रजी सी अक्षराच्या) नक्षीच्या कापडाची? एवढ्या माहितीवर कोणीच सांगू शकणार नाही.

मंदार७ (९:०४)
व्हिएतनाम म्हणजे विषय संपला. कोच ही न्यूयॉर्कची कंपनी आहे, माल अमेरिकेचाच हवा. परत करा.

चर्मकला (९:१५)
मंदार, हा सल्ला चुकीचा आहे. कोच १९४१ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली हे खरं, पण तिचा माल कित्येक वर्षं व्हिएतनाम, कंबोडिया, फिलिपीन्स, चीन इथे शिवला जातो. उलट आजच्या फॅशनची पर्स आणि आत "मेड इन यूएसए" दिसलं, तर मला शंका येईल. देशाच्या नावावरून खरंखोटं ठरत नाही.

निळाईताई, कोथरूडकरांच्या प्रश्नांची उत्तरं द्या. शिवाय हे सांगा: आतला नंबर चामड्याच्या पट्टीवर ठोकलेला आहे की शिवणीत अडकवलेल्या छोट्या पांढऱ्या लेबलवर?

सुमेधा_प (९:२१)
सोपी चाचणी आहे. पाण्याचा थेंब टाका, खरं चामडं शोषून घेतं. आणि आतल्या शिवणीतला एक धागाभर तुकडा काढून जाळा. केस जळल्यासारखा वास आला तर चामडं, प्लॅस्टिकचा आला तर रेक्झिन.

चर्मकला (९:३३)
सुमेधाताई, थांबा. ती पर्स उद्या परत करायची वेळ येऊ शकते. जाळलेली, डाग पडलेली पर्स कोण परत घेईल?

पाण्याची चाचणी झाडाच्या सालीच्या अर्काने कमावलेल्या, वर लेप नसलेल्या चामड्यावर चालते. अशा ब्रँडच्या बऱ्याच पर्सना दाणेदार, लेप दिलेलं चामडं असतं, त्यावरून पाणी ओघळतं. म्हणजे खरी पर्स नापास होईल. सी-सी नक्षीचं कापड तर चामडं नसतंच, ते प्लॅस्टिकचा थर दिलेलं कापड असतं. ते जाळून प्लॅस्टिकचा वास येणारच. आणि चांगली फर्स्ट कॉपीसुद्धा खऱ्या चामड्याची असते. चामडं खरं आणि ब्रँड खोटा, हे सर्रास चालतं.

निळाई (९:४०)
साडेसहा हजार. सी-सीची नक्षी आहे, हँडल आणि कडा चामड्याच्या. नंबर आतल्या चामडी पट्टीवर आहे. डस्ट बॅग (पर्स ठेवायची कापडी पिशवी) दिली नाही, म्हणून घरचे खोटी म्हणतात. चेनच्या रनरवर वायकेके (चेन बनवणारी जपानी कंपनी) आहे. ओरिजिनल असल्याचं एक प्लॅस्टिकचं कार्डही आत होतं.

चर्मकला (१०:०५)
आता काहीतरी हाती आलं. क्रमाने बघा, अर्धा तास लागेल. दिवसाच्या उजेडात बघितलं तर उत्तम.

आधी डस्ट बॅग विसरा. ब्रँडच्या आउटलेटमध्ये (त्यांच्याच सवलतीच्या दुकानात) घेतलेल्या पर्सबरोबर ती बहुधा देत नाहीत. वायकेकेही विसरा. ती अक्षरं रनरवर पाडणं अवघड नाही, आणि ती नसली म्हणून पर्स खोटी ठरत नाही. प्लॅस्टिकच्या कार्डाला काडीचीही किंमत देऊ नका, कार्ड कोणीही छापतो.

आता पट्टी. कडेने चारी बाजूंनी शिवलेली आहे का? की नुसती चिकटवली आहे? नखाने कोपरा हळूच उचलून बघा, उचकटला तर वाईट लक्षण. काही पर्समध्ये वेगळी पट्टी नसते, आतल्या खिशाच्या चामड्यावरच मजकूर ठोकलेला असतो, तेही चालतं. अक्षरं चामड्यात दबलेली हवीत. वरून नुसती शाई असेल, ओळी तिरक्या असतील, स्पेलिंग चुकलेलं असेल तर संशय धरा.

नंबर दोन भागांत असतो. हायफनच्या आधीच्या भागात बनवल्याचा महिना, साल आणि कारखाना, नंतरच्या भागात त्या डिझाइनचा स्टाइल नंबर. हा नंबर आपल्या मोबाइलच्या आयएमईआयसारखा एका वस्तूचा नसतो, एका खेपेच्या सगळ्या पर्सवर तोच येतो. म्हणून नुसता "नंबर आहे" याला अर्थ नाही. नक्कल करणारे एखाद्या खऱ्या पर्सचा नंबर उचलतात आणि दहा वेगवेगळ्या डिझाइनवर तोच ठोकतात. त्यांची चोरी तिथेच सापडते. "कोच" लिहून पुढे हायफननंतरचा नंबर टाका आणि फोटो शोधा. तुमच्याच आकाराची पर्स दिसली पाहिजे. रंग वेगळा चालेल, आकार नाही.

स्टाइल नंबर एफ अक्षराने सुरू होत असेल तर ती आउटलेटसाठीच बनवलेली पर्स. ती खोटी नसते, पण मुख्य दुकानातल्या पर्सपेक्षा चामडं हलकं आणि रचना साधी असते. नव्या मालात एफ दिसेलच असं नाही.

मग नक्षी. पुढच्या भागाच्या मध्यावरून डावी-उजवी बाजू सारखी हवी, आणि पुढे खिसा असेल तर त्यावर नक्षी न तुटता पुढे गेली पाहिजे. बाजूच्या शिवणीवर जुळली नाही तरी हरकत नाही, तिथे खऱ्यातही जुळत नाही. टाके एका इंचात किती ते तीन ठिकाणी मोजा: हँडलच्या मुळाशी, तळाला, चेनच्या कडेला. आकडा सारखा यायला हवा. कडेचा रंग हँडल हलकंच वाकवून बघा, नव्या पर्सच्या रंगाला चीर पडता कामा नये. बकल आणि कड्यांना लोहचुंबक लावा (चुंबकाचं बटण सोडून). पितळ किंवा जस्ताचा मिश्रधातू ओढला जात नाही. कडी घट्ट चिकटली तर आत लोखंड आहे, आणि या दर्जाच्या पर्सला ते शोभत नाही.

यातली एखादी खूण चुकली म्हणून लगेच खोटी म्हणू नका, सरप्लसमध्ये दोष असलेला खरा मालही येतो. मात्र स्टाइल नंबर दुसऱ्याच वस्तूचा निघाला तर पुढचं काही बघायची गरज नाही.

आदिती_औंध (१०:१२)
लुई व्हिताँच्या बेल्टबद्दल कोणी विचारलं नाही, तरी लिहिते, कारण अशा दुकानांत ते टांगलेले असतात. ही कंपनी सेल लावत नाही आणि तिचे आउटलेटही नाहीत. त्यामुळे "सरप्लस" म्हणून नवा बेल्ट कोणी विकत असेल तर तपासत बसू नका. शिवाय २०२१ पासून त्यांनी पर्समध्ये तारखेचा कोड ठोकणं बंद करून चिप बसवायला सुरुवात केली. नव्या पर्समध्ये कोड दाखवून कोणी "बघा, ओरिजिनल" म्हणालं तर ती उलटी खूण आहे.

मंदार७ (१०:२०)
माझा मुद्दा किमतीचा. साडेसहा हजारात ब्रँड मिळतच नाही. त्याच पैशांत धारावीतून बिनब्रँडची अस्सल चामड्याची पर्स आणा, दहा वर्षं टिकेल.

कोथरूडकर (१०:२४)
धारावीचं चामड्याचं काम चांगलं असतं, मान्य. पण विचारलंय ते वेगळं आहे. आणि मोजक्याच साइज उरलेला, हंगाम संपलेला खरा माल पाव किमतीतही निघतो. नुसत्या किमतीवरून ठरवू नका.

ग्राहकमित्र (१०:४१)
पर्सपेक्षा कागद बघा. निळाईताई, बिलाचं अजून बोलला नाहीत.

रीतसर आयात झालेल्या, पॅक करून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर वैधमापनशास्त्राच्या (वजनमापं आणि पॅक मालाच्या) २०११ च्या नियमांप्रमाणे लेबल लागतं. त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, सर्व करांसह एमआरपी, महिना-साल आणि ग्राहक तक्रारीचा क्रमांक असतो. फक्त डॉलरचा टॅग असेल आणि रुपयांचं लेबल नसेल, तर माल अधिकृत वाटेने आलेला नाही. खरा असू शकतो, कोणी सामानातून आणलेला, पण मग त्यामागे उभं राहणारं कोणी नाही.

बिलावरचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून दुकानाचं नाव जुळतं का पाहा. आणि बिलावर वस्तूचं वर्णन काय आहे ते शब्दशः इथे लिहा.

प्रथमेश_वा (१०:४८)
इथेच विचारतो. तशाच एका दुकानातून रे-बॅनचा एव्हिएटर गॉगल घेतला, अठराशेला. एलसीडी स्क्रीनसमोर आडवा धरला तर स्क्रीन काळी पडत नाही. म्हणजे खोटा ना?

दृष्टी_सहकारनगर (११:०२)
नाही. स्क्रीन काळी पडणं ही पोलराइज्ड (चकाकी अडवणाऱ्या) काचेची खूण आहे, रे-बॅनची नाही. साधा हिरवा एव्हिएटर पोलराइज्ड नसतोच. काडीच्या आतल्या बाजूला बघा: आरबी ३०२५, मग रंगाचा कोड, मग ५८ चौकोन १४, मग ३एन किंवा ३पी. पी म्हणजे पोलराइज्ड. एन लिहिलेला असून स्क्रीन काळी पडली, किंवा पी लिहून चष्मा गोल फिरवूनही पडली नाही, तर गडबड.

५८ म्हणजे काचेची रुंदी मिलिमीटरमध्ये, १४ म्हणजे नाकावरच्या पुलाची. पट्टीने मोजा. नक्कल करणारे आकडा छापतात, साचा मात्र दुसराच वापरतात. नंतर लोगो ज्या काचेवर आहे तिच्या उलट काचेवर, बिजागरीजवळ, बारीक आरबी कोरलेलं शोधा. नख फिरवल्यावर जाणवलं पाहिजे. नुसतं छापलेलं असेल तर पुसट होतं. "मेड इन इंडिया" असेल तर घाबरू नका, राजस्थानातल्या भिवाडीच्या कारखान्यातही रे-बॅन बनले आहेत.

सुमेधा_प (११:०८)
यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च दोनशे रुपयांना मिळतो, त्याने लगेच कळतं.

दृष्टी_सहकारनगर (११:१५)
स्वस्त टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरचा असतो. त्यातून जांभळा दिसणारा प्रकाशही बाहेर पडतो आणि गडद काच तो तसाही अडवते, मग फसवा निकाल येतो. ३६५ चा टॉर्च आणि पांढरा छपाईचा कागद घ्या. काचेतून कागद निळसर चमकला तर यूव्ही आत येतोय. असा चष्मा घालूच नका. गडद काचेमागे बाहुली मोठी होते आणि डोळ्यात जास्त यूव्ही जातो. मात्र साधी पॉलीकार्बोनेटची काचही यूव्ही अडवते, म्हणून पास झाला तरी ब्रँड सिद्ध होत नाही.

निळाई (११:३०)
पट्टीचा कोपरा उचकटला, खाली गोंद आहे. हायफननंतर एफ आणि पाच आकडे. शोधलं तर छोटं पाकीट दिसतंय, पर्स नाही. रुपयांचं लेबल नाही. बिल हाताने लिहिलंय: "लेडीज पर्स १ नग", जीएसटी क्रमांक नाही. खाली "सात दिवसांत बदलून मिळेल, पैसे परत नाहीत". उद्या सातवा दिवस.

चर्मकला (११:३४)
पाकिटाचा नंबर पर्सवर. खोटी आहे.

मंदार७ (११:३७)
सरळ पोलिसांत जा. खोटा ट्रेडमार्क लावून विकणं गुन्हा आहे.

ग्राहकमित्र (११:५२)
गुन्हा आहेच. ट्रेडमार्क कायदा १९९९, कलम १०३ आणि १०४, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. पण कलम ११५ प्रमाणे झडती-जप्तीआधी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला ट्रेडमार्क निबंधकांचं मत घ्यावं लागतं. ती वाट ब्रँडच्या मालकाच्या उपयोगाची. ताईंना पैसे हवे आहेत, त्यासाठी ग्राहक कायदा जवळचा.

उद्या असं करा. टॅग काढू नका, पर्स वापरू नका. पट्टी, नंबर, बिल, यूपीआयची पावती यांचे फोटो आधी काढून ठेवा. दुकानात भांडण नको, एकच मागणी करा: "बिलावर 'कोच, ओरिजिनल' असं लिहून शिक्का द्या." नाही म्हणाले तर "मग पैसे परत द्या" म्हणा. बदलून दुसरी पर्स किंवा क्रेडिट नोट घेऊ नका, दुसरीही तसलीच असेल. "पैसे परत नाहीत" या ओळीला घाबरू नका. सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं.

आणि ती पर्स कोणाला "ओरिजिनल" म्हणून विकू नका, नाहीतर तेच कलम तुमच्यावर येईल.

निळाई (दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी ७:१०)
लिहून द्यायला नकार दिला. आधी क्रेडिट नोट, मग बदली. हेल्पलाइनचा नंबर त्यांच्यासमोर लावल्यावर साडेसहा हजार यूपीआयने परत आले. चर्मकला, ग्राहकमित्र, मनापासून आभार.

प्रथमेश_वा (७:४५)
माझ्या चष्म्यावर ५८ लिहिलंय, मोजलं तर ५६ भरतंय. एन लिहिलेलं आहे.

दृष्टी_सहकारनगर (८:०३)
फ्रेमच्या खोबणीत दोन्ही बाजूंना साधारण अर्धा-अर्धा मिलिमीटर काच लपलेली असते, ती धरावी लागते. म्हणजे ५७ झालं. आता पट्टी काचेच्या सर्वांत रुंद भागावर, अगदी आडवी ठेवून परत मोजा. काच पाण्याच्या थेंबासारखी असल्याने पट्टी थोडी वर-खाली सरकली तरी मिलिमीटरभर फरक पडतो. आणि त्याआधी बिजागरीजवळ नख फिरवून सांगा, आरबी कोरलेलं लागतंय का?

प्रथमेश_वा (८:२०)
५७ आलं, खोबण धरून ५८. पण आरबी कुठेच लागत नाही, दोन्ही काचा गुळगुळीत आहेत. लोगो नखाने खरवडला तर त्यातलं आर अक्षर निघून आलं.

दृष्टी_सहकारनगर (८:२४)
मग खोटाच आहे. मापाचा साचा यांनी नीट उचललाय, एवढंच. परत द्या, आणि परत घेतला नाही तर घालण्याआधी चष्म्याच्या दुकानात यूव्ही मीटरवर काच तपासून घ्या.