मदत हवी आहे : जपानी अक्षर सुवाच्य ठेवून लिहिण्याचा वेग कसा वाढवावा?

सर्वांना नमस्कार,

मी मूळची साताऱ्याची असून गेल्या ऑक्टोबरपासून नागोया येथील एका भाषाशाळेत जपानी शिकत आहे. येत्या नोव्हेंबरमध्ये मला ‘निहोन र्‍यूगाकु शिकेन’ ही परदेशी विद्यार्थ्यांसाठी असलेली विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा द्यायची आहे. तिच्या जपानी भाषेच्या विषयात निबंधाचा भाग असतो आणि त्यात ३० मिनिटांत ४०० ते ५०० अक्षरांचा मजकूर हाताने लिहावा लागतो. मुद्दे जुळवण्यासाठी ८ मिनिटे आणि शेवटी नजर फिरवण्यासाठी २ मिनिटे राखून ठेवली, तर ४५० अक्षरांसाठी २० मिनिटे उरतात, म्हणजे मिनिटाला बावीस-तेवीस अक्षरे. घड्याळ लावून मी तीन वेळा मोजले, तेव्हा माझा वेग १४ च्या पुढे गेला नाही. या वेगाने लिहिलेले अक्षर आमच्या बाईंना आवडते. पण हात जरा घाईने चालवला की तेच अक्षर ओळखू येईनासे होते.

असे का झाले असावे, याचा थोडा अंदाज मला आहे. भारतात असताना मी जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेची एन-थ्री ही मधली पातळी उत्तीर्ण झाले. परंतु त्या परीक्षेत लिहिण्याचा भागच नसतो, दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचे असते. मोबाइलवर तर उच्चार टंकला की कांजी, म्हणजे चिनी मुळाचे अर्थवाचक अक्षर, आपोआप समोर येते. त्यामुळे सातशेच्या आसपास कांजी मी वाचू शकते, पण कोरा कागद पुढे आला की त्यांतील निम्म्यांपाशी हात अडतो.

घाईत नेमके काय बिघडते, ते सांगते. चादरीला जपानीत ‘शीत्सु’ म्हणतात आणि हा शब्द काताकानात, म्हणजे परकीय शब्दांसाठीच्या उच्चारानुसारी लिपीत लिहितात, त्यामुळे ‘शि’ आणि ‘त्सु’ ही दोन्ही अक्षरे त्यात येतात. दोहोंत दोन छोट्या रेघा आणि एक लांब रेघ असते. फरक एवढाच, की ‘शि’च्या छोट्या रेघा डावीकडे एकाखाली एक असतात आणि लांब रेघ खालून वर जाते, तर ‘त्सु’च्या छोट्या रेघा वर शेजारीशेजारी असतात आणि लांब रेघ वरून खाली उतरते. मागच्या आठवड्यातील निबंधात माझी ही दोन्ही अक्षरे अगदी सारखी निघाली आणि बाईंनी लाल पेन्सिलीने त्यांच्याभोवती वर्तुळ काढून बाजूला प्रश्नचिन्ह दिले. त्याच पानावर ‘वाट पाहणे’ या क्रियापदाची कांजी ‘हातात धरणे’ या क्रियापदाची झाली होती, कारण दोहोंचा उजवा भाग एकच आहे आणि डावा भाग मी अर्धवट ओढला होता.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. आपण लहानपणापासून अक्षर वरच्या रेघेला टांगून लिहितो. जपानी अक्षर मात्र चौकटीच्या मध्यभागी बसवायचे असते. घाईत माझे प्रत्येक अक्षर चौकटीच्या वरच्या कडेला जाऊन चिकटते आणि खाली रिकामी जागा राहते. शिवाय दहा मिनिटांनंतर अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागते.

आधी अक्षर घोटून मग वेगाकडे वळावे, की दोन्हींचा सराव एकत्र करावा? रेघा जोडून लिहिण्याची पद्धत परीक्षेत चालेल का, आणि चालत असेल तर कुठपर्यंत? रेघेच्या शेवटी येणारे तोमे, हाने, हाराई, म्हणजे रेघ थांबवणे, आकडा काढणे आणि निमुळती सोडणे, हे सारे प्रत्येक वेळी जसेच्या तसे उमटलेच पाहिजे का? ज्यांनी इथे राहून हाताने भरपूर लिहिले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

ताई, तुमचे वर्णन वाचून मला वाटते की तुमची अडचण बोटांच्या वेगाची कमी आणि आठवण्याच्या वेगाची अधिक आहे. आधी एक करून पाहा. लिहिताना फक्त हात आणि कागद दिसेल असा मोबाइल ठेवून दहा मिनिटांचे चित्रीकरण करा आणि पेन्सिल कागदाला न टेकता किती वेळ हवेत थांबली, ते मोजा. मी ओसाकात अकरा वर्षे भाषांतराचे काम केले. सुरुवातीच्या काळात मी हे केले, तेव्हा माझा निम्मा वेळ हवेत गेलेला निघाला. तो वेळ हात पळवून भरून काढायला गेलो, म्हणूनच अक्षर मोडत होते.

यासाठी सुटी कांजी पन्नास वेळा घोटण्याचा फार उपयोग होत नाही. पाठ्यपुस्तकातील एक पूर्ण वाक्य वाचावे, ते झाकावे आणि न थांबता एका दमात लिहावे. मग उघडून ताडून पाहावे. एकेक अक्षर बघून उतरवले तर हाताला शब्द कधीच पाठ होत नाही. रेघांचा क्रमही इथेच कामी येतो. ‘उजवा’ आणि ‘डावा’ या कांजींच्या पहिल्या दोन रेघा दिसायला सारख्या असल्या, तरी ‘उजवा’मध्ये तिरपी रेघ आधी येते आणि ‘डावा’मध्ये आडवी आधी. क्रम बरोबर असला की हात एका रेघेच्या शेवटावरून पुढच्या रेघेच्या सुरुवातीकडे सहज वळतो आणि घाईतही आकार टिकतो.

वेग आणि वळण यांचा सराव एकत्रच करावा, मात्र वेग पायरीपायरीने वाढवावा. तोच परिच्छेद पहिल्यांदा १४ च्या गतीने, दुसऱ्यांदा १६ च्या गतीने लिहावा आणि अक्षर मोडले की तिथेच थांबून नेमके मोडलेले अक्षर सुधारावे. २० गुणिले २० चौकटींचा ‘गेंको योशी’ हा लेखनकागद वापरत असालच. पेन्सिल बी किंवा २बी घ्यावी, म्हणजे दाब कमी लागतो आणि अंगठाही दुखत नाही. कांजीपेक्षा हिरागाना, म्हणजे जपानीची नेहमीची उच्चारानुसारी लिपी, किंचित लहान काढला, तर घाईत लिहिलेले पानही नीटनेटके दिसते.

तुमच्या शेवटच्या शंकेविषयी मला आवर्जून सांगायचे आहे. जपानच्या सांस्कृतिक विभागाने, म्हणजे बुंकाचोने, २०१६ मध्ये नित्यवापरातील २१३६ कांजींच्या लेखनरूपांविषयी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. अक्षराचा सांगाडा कायम असेल, तर असे बारीक फरक चूक धरू नयेत, असा तिचा रोख आहे. ‘झाड’ या कांजीच्या उभ्या रेघेला खाली आकडा काढला काय आणि न काढला काय, दोन्ही रूपे ग्राह्य आहेत. मात्र जिथे लांबी बदलली की अक्षरच बदलते, तिथे सूट नाही. ‘माती’ आणि ‘योद्धा’ या कांजींत कोणती आडवी रेघ लांब, एवढाच फरक आहे. ‘अद्याप नाही’ आणि ‘शेवट’ यांचेही तसेच. तुमची काळजी अशा जोड्यांवर खर्च करा. वर्गातील बाई अधिक काटेकोर असतील, तर वर्गापुरते त्यांचे ऐकावे.

रेघा जोडण्याच्या पद्धतीला ‘ग्योशो’ म्हणतात. आपल्याकडे बाळबोध आणि मोडी यांचे जे नाते होते, काहीसे तेच इथे ‘काइशो’, म्हणजे प्रत्येक रेघ सुटी काढलेले अक्षर, आणि ‘ग्योशो’ यांचे आहे, कारण मोडीतही हात न उचलता लिहिण्यासाठीच अक्षरांची वळणे बदलली. परंतु ग्योशोची वळणे स्वतंत्रपणे शिकावी लागतात. मनाने जोडलेल्या रेघा वाचणाऱ्याला कळत नाहीत. परीक्षेत काइशोच ठेवा. फार तर काही कांजींत डावीकडे पाण्याची खूण म्हणून येणाऱ्या तीन ठिपक्यांपैकी खालचे दोन जोडावेत, त्याने कुणाचे वाचन अडत नाही.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे चित्रीकरण केले. दहा मिनिटांपैकी चार मिनिटांहून अधिक काळ माझी पेन्सिल खरोखरच हवेत होती आणि बहुतेक वेळा ती ‘अनुभव’, ‘वाढणे’, ‘कारण’ यांसारख्या, निबंधात हमखास येणाऱ्या शब्दांपाशी थांबली होती. अशा चाळीस शब्दांची यादी करून त्यांची वाक्ये झाकून लिहिण्याचा सराव तीन आठवडे केला. आता वेग १८ वर आला आहे, ‘शि’ आणि ‘त्सु’ वेगळे ओळखू येतात आणि अक्षरेही चौकटीच्या मध्यावर बसू लागली आहेत.

एका ठिकाणी मात्र अजून अडते. ‘रस्ता’, ‘आठवडा’, ‘जवळ’ या कांजींत डावीकडून खाली जाऊन उजवीकडे पसरणारा जो ‘शिन्न्यो’ असतो, तो शेवटी काढायचा असल्यामुळे मला त्याच्यासाठी जागाच उरत नाही आणि त्याची शेपटी पुढच्या चौकटीत घुसते. वरचा भाग आधीच अरुंद काढावा, की तो थोडा उजवीकडे सरकवून बसवावा? येत्या रविवारी पुन्हा वेळ लावून लिहिणार आहे, त्याआधी कुणी सांगू शकले तर फार मदत होईल.