टॅलीचा सगळा डेटा लॉक झाला. नेटवर्कची सुरक्षा शिकायला कुठून सुरुवात करू?

हळकुंड (सांगली):
मार्केट यार्डात हळदीच्या अडत पेढीवर मी बिलांचं काम बघते. सहा कॉम्प्युटर, एक राउटर. ऐन सौद्यांच्या गर्दीत एका सकाळी टॅली उघडेना. फाइलींची नावं बदललेली आणि पैसे मागणारी चिठ्ठी. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच मशीनला कायम लावलेली, तीही गेली. दिवाणजींनी आणि मी हिशोबपट्ट्यांच्या कार्बन प्रतींवरून अकरा दिवस नोंदी परत घातल्या. तोवर शेतकऱ्यांचे पैसे अडकले, ते मनाला फार लागलं. शेठ म्हणाले, आता तूच शिक. माझं शिक्षण बी.कॉम.

कुपवाडकर:
ताई, कोर्स नंतर बघू. आधी राउटरपासून एकेक वायर हातात धरून कुठे जाते ते बघा आणि कागदावर काढा. बारा वर्षं एमआयडीसीतल्या कारखान्यांची नेटवर्क सांभाळतोय. कुणाच्या ध्यानात नसलेलं काहीतरी दरवेळी सापडतं. बहुतेकदा सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा), पासवर्ड पहिल्या दिवसाचाच.

शेठ घरून टॅली बघतात का? मग राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' उघडून ३३८९ शोधा. ते रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे लांबून कॉम्प्युटर चालवायचं दार. पासवर्ड लावून बघणारे प्रोग्राम अशी दारं रात्रंदिवस ठोठावत असतात. ते बंद करा, घरून फक्त व्हीपीएनने, म्हणजे कुलूपबंद खासगी जोडणीने या.

विंडोजचे अपडेट अडवू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा असाच फाइली लॉक करून पैसे मागणारा प्रोग्राम फाइल शेअरिंगच्या ४४५ पोर्टमधून पसरला. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चातच दिली होती. बॅकअपच्या दोन डिस्क करा, काम झालं की काढून ठेवा, एक शेठांच्या घरी. महिन्यातून एकदा त्यातला डेटा दुसऱ्या मशीनवर उघडून बघाच.

वारणाकाठ:
सायबर पोलिसांकडे तक्रार दिली का? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे असा हल्ला कळल्यापासून ६ तासांत त्या संस्थेला कळवायचं असतं आणि लॉग (मशीनवर काय काय झालं त्याच्या नोंदी) १८० दिवस जपायचे असतात. मशीन फॉरमॅट करायच्या आधी पुराव्यासाठी डिस्कची प्रत काढतात, हे लक्षात असू द्या.

हळकुंड:
आज वायरी मोजल्या. ३३८९ उघडाच होता, बंद केला. माळ्यावर एक जुना वायफाय राउटर चालू सापडला, पासवर्ड 'ॲडमिन'! गोदामातला वजनकाटा त्यावरून बिलाच्या मशीनला वजन पाठवतो, म्हणून काढता येईना. पासवर्ड तेवढा बदललाय.

कुपवाडकर:
काटा मशीनपासून किती लांब? १५ मीटरच्या आत असेल तर सिरियल केबलने थेट जोडा, तो राउटर खाली उतरवा. काट्याच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, कुठली केबल लागेल सांगतो.